अधूनमधूनचा दोष

जी वस्तू समूळ बिघडली तिच्याविषयी माणसामाणसांत फारसा वाद होत नाही. विहीर आटली, चाक मोडले किंवा दिव्यातले तेल संपले, म्हणजे ते सर्वांस सारखेच दिसते. ज्यास दिसत नसेल त्यास हात धरून दाखविता येते, आणि मग दुरुस्तीचा विचार सुरू होतो. परंतु जी वस्तू कधी चालते आणि कधी चालत नाही, तिच्यापायी घरात, कचेरीत व बाजारात जेवढे कलह माजतात तेवढे समूळ बिघडलेल्या वस्तूपायी माजत नाहीत. याचे कारण असे की, पहिल्या प्रकारात परीक्षा वस्तूची होते. दुसऱ्या प्रकारात ती तक्रार करणाऱ्या मनुष्याची होऊ लागते. "मघाशी बंद होते" असे तो सांगतो, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तर ती वस्तू सुरळीत चाललेली असते. अशा वेळी ऐकणाऱ्याच्या मनात संशय उत्पन्न होतो तो बहुधा सांगणाऱ्याविषयीच होतो.

यातून जो प्रश्न उपस्थित होतो तो असा: एखादा मनुष्य आपणांस अमुक एक अडचण येते असे सांगतो, आणि आपण पाहावयास जातो तेव्हा ती अडचण आपणांस आढळत नाही, तर तेवढ्यावरून त्याचे म्हणणे खोटे मानण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो? हा प्रश्न वैद्यास, शिक्षकास, न्यायाधीशास आणि आईबापांस नित्य पडतो. त्याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एक अगदी साधे उदाहरण घेतले आहे. लॅपटॉपला मिळणारी इंटरनेटची बिनतारी जोड, जीस सर्वत्र वाय-फाय म्हणतात, ती मधूनमधून तुटणे ही आता सुशिक्षित घरांतील रोजची गोष्ट झाली आहे. कोणास हे उदाहरण क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या दोषात कोणाचा प्राण जात नाही, त्याचा विचार शांतपणे करता येतो. आणि तेथे सापडलेले तत्त्व मोठ्या प्रसंगीही उपयोगी पडते.

नव्या मुंबईत वाशी व तुर्भे यांच्या लगत जो विस्तीर्ण घाऊक बाजार आहे, त्यास लोक एपीएमसी मार्केट या आद्याक्षरी नावानेच ओळखतात. १९६३ च्या बाजार समिती कायद्यान्वये मुंबईची कृषि उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली, आणि मुंबई बेटावरील दाट वस्तीत कोंडलेला घाऊक व्यापार पुढे टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे नेण्यात आला. भायखळ्याचा भाजीपाला आणि क्रॉफर्ड मार्केटातील फळे सर्वांच्या मागून, १९९६ साली, येथे आली. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे या बाजाराचे पाच विभाग आहेत. रुमालाखाली बोटे दाबून दर ठरविण्याची रीत या व्यापारात पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. हिशोब लाल बासनातील चोपड्यांत लिहिले जात. आता गाळ्यागाळ्यात लॅपटॉप आला आहे. माल विकला गेला की शेतकऱ्याची हिशोबपट्टी त्यावर तयार होते, त्याच्या मोबाईलवर पाठविली जाते, आणि रक्कमही त्यावरूनच बँकेत वळती होते. जुन्नर, आंबेगाव किंवा निफाड तालुक्यातील शेतकरी आपल्या ओट्यावर बसून या पट्टीची वाट पाहत असतो. तात्पर्य, गाळ्यातील त्या जोडीवर आता दोन टोकांच्या दोन कुटुंबांचा दिवस अवलंबून राहू लागला आहे.

असे समजू की कांदा-बटाटा विभागातील एका गाळ्यात एक मेहताजी कामास आहे. पहाटेपासून सकाळी दहापर्यंत, म्हणजे ऐन कामाच्या वेळी, त्याच्या लॅपटॉपची बिनतारी जोड वारंवार तुटते. पट्टी अर्धवट राहते. बँकेत पैसे वळते करीत असता मध्येच जोड तुटली की रक्कम गेली किंवा नाही हेच कळेनासे होते, आणि पुन्हा पाठवावी तर दोनदा जाण्याचे भय. मेहताजी मालकास सांगतो, "शेठ, सकाळी नेट राहत नाही." मालक बाहेरचा सौदा आटोपून अकराच्या सुमारास मेजापाशी येतो व पाहतो तो जोड उत्तम चाललेली. कंपनीचा कारागीर बोलाविला जातो; तो दुपारी तीन वाजता येतो, पंधरा मिनिटे पाहतो आणि "आमच्याकडून काही दोष नाही" असे लिहून देऊन जातो. असे तीनदा घडते. चौथ्या वेळी मालक म्हणतो, "मेहताजी, आम्ही पाहतो तेव्हा बरे सारे ठीक असते! सकाळी मोबाईलवर दुसरे काही चालत असेल." पट्ट्या उशिरा गेल्याबद्दल त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो.

या कल्पित प्रसंगात कोणी दुष्ट नाही हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जाणकार मनुष्य बोलावून तीनदा तपासणी करविली. सामान्य व्यवहारात यास कोणी घाईचा न्याय म्हणणार नाही. तरी तो अन्याय झाला आहे. आणि तो कोणत्या ठिकाणी झाला हे समजण्यासाठी बिघाडाचे कारण पाहिले पाहिजे.

वाय-फायचे संदेश ज्या लहरींवरून जातात त्या बहुधा दोन पट्ट्यांतल्या असतात. जुन्या व अधिक प्रचलित पट्ट्यात एका सेकंदास सुमारे २४० कोटी आवर्तने होतात व लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. दुसऱ्या पट्ट्यात आवर्तने ५०० कोटींहून अधिक आणि लांबी त्याच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्या लहरी भिंतींतून पुष्कळशा पार होतात, दुसऱ्या लवकर क्षीण होतात. लोखंडी शटर या लहरी परत फेकते. आणि पाणी त्या शोषून घेते. आता बटाट्याच्या वजनाचे पाच भाग केले तर जवळजवळ चार भाग पाणीच असते, आणि कांद्यात त्याहूनही अधिक. सबब कांद्या-बटाट्याच्या पोत्यांची थप्पी म्हणजे या लहरींच्या मार्गात उभी केलेली पाण्याची भिंतच होय. ही केवळ कल्पना नव्हे. २०१२ साली अमेरिकेतील बोइंग कंपनीने विमानातील वाय-फायची परीक्षा करताना प्रवाशांना तासन्‌तास बसवून ठेवण्याऐवजी त्यांच्या खुर्च्यांवर बटाट्यांची पोती ठेविली होती. एकूण बटाटे सुमारे २०,००० पौंड, म्हणजे ९,००० किलोंहून अधिक होते. या लहरींना अडविण्याच्या बाबतीत बटाटा आणि मनुष्यदेह यांत फारसा भेद नाही, असे त्या शास्त्रज्ञांस आढळून आले होते.

आपल्या गाळ्यात काय होते ते आता सांगावयास नको. राऊटर मागील भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर बसविलेला. मेहताजीचे मेज पुढच्या बाजूस. रात्री गाड्या येतात, माथाडी कामगार पोती उतरवून मधल्या जागेत थप्पी लावतात, आणि पहाटे ती डोक्याच्याही वर गेलेली असते. गिऱ्हाइकांची गर्दीही त्याच वेळी. माल उठत जातो तसतशी थप्पी उतरते; अकरा वाजता ती गुडघ्याइतकी उरते; तीन वाजता कारागीर येतो तेव्हा फरशी झाडलेली असते. मालकाने पाहिले ते खरे होते, कारागिराने पाहिले ते खरे होते, आणि मेहताजीने सांगितले तेही खरे होते. तिघांनी तीन निरनिराळ्या वेळी तीन निरनिराळे गाळे पाहिले होते, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी या जातीच्या चुकीचा फार सूक्ष्म विचार करून ठेविला आहे. कुमारिल भट्टाच्या अनुयायी मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी प्रत्यक्ष, अनुमान इत्यादी प्रमाणांच्या जोडीस अनुपलब्धि नावाचे एक सहावे प्रमाण मानले आहे. वस्तू न आढळणे हेच तिच्या अभावाचे ज्ञान करून देते, असा त्याचा अर्थ. परंतु तेथेच त्यांनी एक अट घातली: ती अनुपलब्धि योग्य असली पाहिजे. म्हणजे, ती वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असावी लागते. भर उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही असे खुशाल म्हणावे. अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही म्हणून नाही असे म्हणता येत नाही. मालकाची व कारागिराची चूक नेमकी या ठिकाणी झाली. दुपारी तीन वाजता रिकाम्या गाळ्यात दोष दिसला नाही, यावरून एवढेच सिद्ध होते की दुपारी तीन वाजता रिकाम्या गाळ्यात दोष नसतो. पहाटेच्या भरलेल्या गाळ्याविषयी ती तपासणी काहीच सांगू शकत नाही. आणि मेहताजीच्या सचोटीविषयी तर त्याहूनही काही सांगू शकत नाही. तपासणी तीनदा केली म्हणून ती तिप्पट बळकट झाली असेही नव्हे. अंधाऱ्या खोलीत तीनदा डोकावल्याने घटाचा अभाव सिद्ध होत नाही.

मग योग्य तपासणी कोणती? या बाबतीत यंत्राच्या दुरुस्तीची जी पद्धत अनुभवी लोकांनी बसविली आहे ती पाहण्याजोगी आहे. कारण ती केवळ कारागिरी नसून विचाराची शिस्त आहे. पहिला प्रश्न असा की, दोष एकाच लॅपटॉपला आहे की त्याच जोडीवरील मोबाईलनाही आहे? एकालाच असेल तर यंत्रात पाहावे. कित्येक लॅपटॉप विजेची काटकसर करण्यासाठी बिनतारी भागाची शक्ती आपोआप कमी करतात, आणि ती व्यवस्था बदलताच जोड स्थिर होते. सर्वांनाच असेल तर दुसरा प्रश्न: लॅपटॉप तारेने सरळ राऊटरला जोडला असता काय होते? तारेवर सारे ठीक चालले तर दोष मधल्या हवेत. तारेवरही जोड तुटली तर तो राऊटरात किंवा त्याच्या पलीकडे. तिसरी परीक्षा हाकेची. लॅपटॉपवरून क्षणाक्षणास एक लहानसा संदेश पाठवून त्याची ओ येते की नाही हे पाहण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते. तीस पिंग म्हणतात. एक हाक राऊटरला मारावी, एक बाहेरच्या दूरच्या यंत्राला. जवळचीच ओ येत नसेल तर बिघाड गाळ्यातला. जवळची येते आणि दूरची येत नाही तर बिघाड बाहेरचा. या सर्व परीक्षांत दोन नियम पाळावे लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि परीक्षा त्रास होतो त्याच वेळी व त्याच जागी करावी.

पहिला नियम म्हणजे आपल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेकच होय. कारण असता कार्य असते आणि कारण नसता नसते, हे दोन्ही दिसल्यावाचून कार्यकारणभाव ठरत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात हीच रीत निराळ्या नावांनी मांडली. व्यवहारात मात्र काय घडते? जोड तुटली की मनुष्य राऊटर बंद करून पुन्हा चालू करतो, लॅपटॉप उचलून दुसरीकडे ठेवतो, मोबाईलवरची जोड काढतो आणि कंपनीस दूरध्वनी करतो. हे सारे पाच मिनिटांत. तेवढ्यात जोड परत येते, आणि चारांपैकी जो उपाय त्याने शेवटी केला त्यास तो श्रेय देतो. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडली, अशातला हा प्रकार आहे. अशाने जे ज्ञान होते ते चुकीचे असतेच; पण त्याहून वाईट असे की पुढे त्याच्याच आधारावर माणसांस दोष दिला जातो. मेहताजीचा मोबाईल बंद करविला आणि त्या दिवशी योगायोगाने माल थोडा असल्यामुळे जोड टिकली, तर मालकाचा संशय पक्का झालाच म्हणून समजावे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. "असे जर मानावयाचे, तर आळशी नोकरास उत्तम सबब मिळाली. केव्हाही विचारा, तो म्हणेल जोड नव्हती. आणि आपण पाहू तेव्हा ती असली तरी आपले पाहणे अयोग्य ठरणार! मग खोटे बोलणारा पकडावा कसा?" या आक्षेपात तथ्य आहे. अधूनमधूनच्या दोषाच्या आड लपणे सोपे असते, आणि तसे लपणारे लोक जगात आहेत. परंतु यावर उपाय संशय वाढविणे हा नसून तपासणी योग्य करणे हा आहे. मेजाशी एक वही ठेवावी; जोड तुटली की वेळ, किती मिनिटे, त्या वेळी मोबाईल चालत होता की नाही, आणि गाळ्यात काय स्थिती होती, एवढे मेहताजीने लिहावे. आठ दिवसांत वहीच बोलू लागेल. नोंदी पहाटे व सकाळीच दाटलेल्या दिसतील आणि बाजार बंद असलेल्या दिवशी एकही दिसणार नाही. मग एक दिवस मालकाने पहाटे मेजापाशी येऊन बसावे. मेहताजी खोटे बोलत असेल तर तेही याच मार्गाने उघड होईल. दुपारच्या तपासणीने मात्र त्याचा खोटेपणा सिद्ध झाला नसता आणि खरेपणाही नाही. योग्य परीक्षा खऱ्या मनुष्याचे रक्षण करते आणि खोट्यास पकडते. अयोग्य परीक्षा दोघांस एकाच मापाने मोजते, व त्यात नेहमी खऱ्याचेच नुकसान होते. जो आपल्या तक्रारीची नोंद ठेवण्यास आणि योग्य वेळी तपासणी करू देण्यास तयार आहे, त्याच्या शब्दावर तपासणी होईपर्यंत विश्वास ठेवणे हे त्याचे ऋण आहे, आपली मेहेरबानी नव्हे.

आता दुसऱ्या एका भेदाकडे वळणे जरूर आहे. कारण सापडले म्हणजे दोषी सापडला असे आपण समजतो. वस्तुतः या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या उदाहरणात कारण पोत्यांची थप्पी हे ठरले. मग दोषी कोण? माथाडी कामगारांनी पोती सांगितलेल्या जागी लाविली. राऊटर बसविणाऱ्याने तो रिकाम्या गाळ्यात बसविला व त्या वेळी तो उत्तम चालला. कंपनीची तार निर्दोष होती. बाजारात तर आणखी एक गुंतागुंत असते. वाय-फायचा जुना पट्टा आपल्या देशात २००५ सालापासून परवान्यावाचून वापरण्यास मोकळा आहे. तो कोणीही वापरावा, मात्र दुसऱ्याच्या वापरामुळे अडथळा आला तर गाऱ्हाणे करण्याचा हक्क कोणास नाही, अशी ती व्यवस्था आहे. या पट्ट्यात एकमेकांस न अडखळविणारे मार्ग तीनच, म्हणजे पहिला, सहावा आणि अकरावा. आणि ओळीत गाळे तर कितीतरी. प्रत्येकाने आपला राऊटर लाविला, कोणी काही गैर केले नाही, आणि सर्वांच्या मिळून आवाजात प्रत्येकाचा शब्द बुडाला. यात कारण सर्वच आहेत, आणि अपराधी एकही नाही.

अशा वेळी मन अस्वस्थ होते. नुकसान झाले आहे आणि अपराधी नाही, ही स्थिती आपणांस सहन होत नाही. म्हणून जो सर्वांत जवळ व सर्वांत दुबळा असतो त्याच्यावर आपण दोष ठेवून मोकळे होतो. वस्तुतः अपराध आणि जबाबदारी यांचा निवाडा स्वतंत्रपणे केला पाहिजे. अपराध कोणाचा हे मागे पाहून ठरते. जबाबदारी कोणाची हे पुढे पाहून ठरते, आणि ती ज्याच्या हाती उपाय आहे त्याची असते. मेहताजीस राऊटर हलविण्याचा अधिकार नाही, थप्पी कोठे लावावी हे सांगण्याचा नाही, तार ओढण्याचा खर्च करण्याचा नाही. मालकास हे तिन्ही अधिकार आहेत. राऊटर थप्पीच्या माथ्याहून उंच बसवावा. मार्ग बदलून पाहावा. आणि सर्वांत उत्तम म्हणजे ज्या मेजावरून लोकांचे पैसे जातात तेथपर्यंत साधी तार ओढावी. अशी तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्तपणे काम देते आणि तिच्यावर बटाट्याची छाया पडत नाही. हा खर्च मेहताजीच्या कापलेल्या पगाराहून फार मोठा नाही. यात मालकाने अपराध कबूल करावयाचा आहे असे कोणी म्हणत नाही. अपराधी नसतानाही जबाबदारी घेता येते, किंबहुना थोर मनुष्याचे लक्षण पुष्कळदा यातच दिसते. मात्र कापलेला अर्धा दिवस त्याने परत दिला पाहिजे, आणि तो चार लोकांत कापला असेल तर चार लोकांतच परत दिला पाहिजे. कारण त्या दिवशी कापले गेले ते केवळ पैसे नव्हते.

मालकास हे पटविण्यास त्याची स्वतःची स्थितीच पुरेशी आहे. त्याच सकाळी जुन्नरकडचा एखादा शेतकरी त्यास मोबाईलवर विचारतो, "शेठ, पट्टी अजून नाही आली." मालक सांगतो, "नेट बंद होते हो." हे वाक्य शब्दशः मेहताजीचेच आहे. शेतकऱ्यास तर ते तपासण्याची काहीच सोय नाही. तो कित्येक मैल दूर आहे, त्याने गाळा पाहिला नाही, आणि रुमालाखाली ठरलेल्या दरांच्या कथा त्याने आजोबांपासून ऐकलेल्या आहेत. आडत्याने दर दडपला, पैसे फिरविले, म्हणून पट्टी लांबली, असा तर्क त्याने केला तर तो मालकाच्या तर्काहून अधिक निराधार आहे काय? मालकास त्या वेळी राग येतो व आपल्या शब्दावर विश्वास ठेवला जावा असे वाटते. त्याने एवढेच पाहावे की जो विश्वास तो दूरच्या शेतकऱ्याकडून मागत आहे, तो त्याने दहा हातांवरील मेहताजीस दिलेला नाही. अविश्वास हा साखळीने खाली उतरतो. कारागीर मेहताजीवर, मालक मेहताजीवर, शेतकरी मालकावर. आणि या साखळीची प्रत्येक कडी "मी पाहिले तेव्हा ठीक होते" किंवा "मला काय ठाऊक" या दोन वाक्यांनी जोडलेली असते.

बाजार सोडून घराकडे पाहिले तर हेच चित्र दिसेल. २०२० साली शाळा घराघरांत लॅपटॉपवर व मोबाईलवर भरू लागल्या तेव्हा किती मुलांनी "आवाज तुटतो" असे सांगितले, आणि किती आईबापांनी ती अभ्यास टाळण्याची युक्ती मानली! कोकणात काही विद्यार्थी जोड मिळावी म्हणून डोंगर चढून जात, तेव्हा कोठे लोकांस पटले की मुलांची तक्रार खरी असू शकते. घरातील वृद्धा रात्री छातीत धडधडते म्हणून सांगते. सकाळी वैद्याच्या समोर नाडी स्वच्छ चालते, आणि सूनबाई मनात म्हणते की सासूबाईंस लक्ष वेधून घ्यावयाचे आहे. अशा रोग्यास चोवीस तास अंगावर बांधून ठेवण्याचे हृदयाची नोंद करणारे यंत्र आता निघाले आहे. हॉल्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते विसाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध केले. त्या यंत्राने वैद्यकास एक विनय शिकविला. रोग वैद्याच्या वेळेवर येत नाही, म्हणून वैद्याने रोगाच्या वेळेवर गेले पाहिजे, हे त्याने मान्य केले. मेजाजवळची वही हे त्याच तत्त्वाचे दोन रुपयांचे रूप आहे.

कोणी म्हणेल, की मनुष्यास एवढा वेळ कोठे आहे? प्रत्येकाच्या प्रत्येक तक्रारीसाठी पहाटे उठून बसणे शक्य नाही. हे खरे आहे; आणि म्हणूनच येथे जे मागितले आहे ते फार थोडे आहे. ज्यास तपासण्यास वेळ नाही त्याने तपासू नये. पण मग निवाडाही देऊ नये. "मला दिसले नाही" एवढेच म्हणावे, "तसे नाहीच" असे म्हणू नये. या दोन वाक्यांतील अंतर दिसण्यात लहान आहे, परंतु पहिल्या वाक्यात दुसऱ्याच्या अनुभवास जागा राहते आणि दुसऱ्यात ती उरत नाही. संशय हा नैयायिकांनी सोळा पदार्थांत गणला आहे. त्याचे काम विचारास चालना देणे हे होय. ज्या संशयातून तपासणी निघते तो उपकारक, आणि जो तपासणीवाचून शिक्षेपर्यंत जातो त्यास संशय हे नावही शोभत नाही. तो अगोदरच झालेला निश्चय असतो.

यंत्रे दिवसेंदिवस वाढत आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी अधूनमधून चुकणारी आहेत. त्यांच्या व आपल्या मध्ये कोणी ना कोणी मनुष्य बसविलेला असतो: कोठे मेहताजी, कोठे बँकेतील कारकून, कोठे तिकिटाच्या खिडकीतील बाई, कोठे आपलेच मूल. यंत्र चुकले की त्याच्या वतीने बोलणे या मनुष्याच्या वाट्यास येते, आणि यंत्राविषयीचा आपला त्रागा त्याच्याच अंगावर पडतो. त्याने सांगितलेली गोष्ट आपणांस दिसत नसेल तेव्हा, आपण योग्य वेळी, योग्य जागी आणि तो बसतो त्या बाजूने पाहिले काय, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर यंत्रे सुधारोत वा न सुधारोत, आपल्या व्यवहारातील पुष्कळसा अन्याय कमी होईल.